झायलर म्हणजे दोर वळणारा

"काऊन कोणी जात नाई, मावशी?" कमरेला दोर गुंडाळता गुंडाळता तो मला विचारत होता.

खाली विहिरीच्या गाळात माझा मुलगा सुधाकर कुशीवर पडला होता. काठावर देवरावच्या शेतातली सगळी माणसं उभी होती आणि उतरत कोणी नव्हतं.

मी म्हटलं, "ते नाई जात. तू जा गा."

तो गेला.

ती माणसं भित्री नव्हती, हे आधीच सांगून ठेवते. विहिरीत एक पडला, त्याला काढायला दुसरा उतरला, दुसऱ्याला काढायला तिसरा, आणि तिघेही गेले, अशा बातम्या आमच्याकडे दर उन्हाळ्यात येतात. ज्याच्या घरी लेकरं आहेत तो थांबला तर त्याला नाव ठेवू नये. हा परदेशी, ह्याला ते माहीत नव्हतं म्हणून उतरला, असं लोक म्हणतात. असेलही. मी त्याच्या डोक्यात शिरले नव्हते.

तुमच्यापैकी काहींनी त्याला पाहिलं असेल. देवळीच्या बाजारात हिवाळ्यात एक उंच, लाल मानेचा म्हातारा फिरायचा. पांढरा सदरा, पायात टायरची चप्पल, आणि कांदे घेतानाही प्रश्न विचारायचा. तोच तो. जर्मनीचा होता.

मी बाजारात दोर घेऊन बसते. कासरे, दावी, म्होरक्या. आता नायलॉन आल्यापासून गिऱ्हाईक कमी, पण पोळ्याच्या आधी आणि विहिरीच्या कामाला अंबाडीचाच दोर मागणारे अजून आहेत, कारण नायलॉन ओल्या हातातून सटकतो आणि तळवा कापतो. तर हा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. एक कासरा उचलला, नाकाला लावला, मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणाला, "झायलर."

मी म्हटलं, "काय?"

"मैं. मेरा नाम. झायलर." आणि कासरा हलवून दाखवला. "ये."

"तुहं नाव दोर आहे?"

"दोर नहीं. दोर बनानेवाला."

वर्ध्याजवळ एका संस्थेत सूत कातायला आणि निंदण करायला परदेशी लोक येऊन राहतात, तिथे तो आला होता. हिंदी तिथेच शिकला. मी त्याला विचारलं, तू दोर वळतोस का? नाही म्हणाला, जन्मभर शहरात बस चालवली. बाप? रेल्वेत. आजा? साबणाचं दुकान.

"मंग दोर कोणं वळला?"

तो बोटांवर मागे मागे मोजत गेला, बोटं संपली, तेव्हा हात झटकून हसला. बाजूची कांदेवाली पण हसली. म्हणाली, "माय वो, ह्याचा तर पत्ताच नाई कोणाचा!"

दुसऱ्या आठवड्यात तो नाचणगावला आमच्या वस्तीत आला. मी वाख, म्हणजे अंबाडीचे सोललेले धागे, विंचरत होते. तो बसला, आणि मग दर हिवाळ्यात येऊन बसतच राहिला. वस्तीच्या टोकाला एक खोली भाड्याने घेतली. मला मावशी म्हणायचा. मी सांगितलं, तू माझ्याच वयाचा आहेस, मावशी कशाला? तर म्हणाला, "काऊन नाई?" काऊन म्हणजे का. आमच्या बोलीतला तोच शब्द त्याने सगळ्यात आधी उचलला होता. म्हैस गाभण काऊन नाही, बस उशिरा काऊन, नळाला पाणी काऊन नाही. माणसं वैतागत. सुधाकर त्याची नक्कल करायचा. भाजीत मीठ कमी असलं की बायकोला, रेखाला, मान वाकडी करून म्हणायचा, "काऊन?"

त्या नावाची गोष्ट त्याने मला वाख धुताना सांगितली. मला समजली तशी लिहिते. त्यांच्याकडे पूर्वी माणसाला एकच नाव असे. गाव लहान होतं तोवर भागलं. गाव वाढलं, एका नावाची माणसं झाली फार. मग लिहून घेणारा विचारी, हा कोणता? तो लोहार? की पीठ दळणारा? की दोरवाला? असं करत ज्याचं जे काम ते त्याच्या नावाला चिकटलं. 'झाइल' म्हणजे दोर. दोर वळतो तो झायलर. पुढे मुलगा दुसऱ्या कामाला लागला, नातू तिसऱ्या, पण नाव तेच राहिलं.

"आज लोहार नाम का डाक्टर है," तो म्हणाला. "दर्जी नाम का पुलिस."

मी म्हटलं, "अन त्याले घर भाड्यानं भेटते?"

त्याला प्रश्न कळला नाही. मी पेंढी पाण्यात बुडवली. वाख धुवायचा होता.

त्याच्या गावी जुन्या कोटाबाहेर एक लांब सरळ गल्ली आहे. दोराला लांबी लागते, म्हणून दोरवाल्यांना गावाच्या कडेला जागा द्यायचे. दोर वळणारा वाख सोडत सोडत उलट पावलांनी मागे जातो, म्हणून त्यांचा सगळा दिवस मागे चालण्यात जायचा. आता त्या गल्लीत मोटारी उभ्या असतात. हे सांगून तो आमच्या वस्तीतून उलटा चालत गेला आणि शेणाच्या पाटीत बसला. बायका दिवसभर हसत होत्या.

फाशीचा दोरही झायलरच द्यायचे, असंही म्हणाला. त्याला वाटलं मी दचकेन. मी सांगितलं, आमच्या लोकांनाही ते काम लावत. दोर पण द्या आणि ओढा पण तुम्हीच. आम्ही मातंग. जुन्या तोंडी मांग. दोर वळणं, झाडू बांधणं, आणि जे दुसरा करणार नाही ते.

देवरावची विहीर मी त्याला तेव्हाच दाखवली होती. माझा सासरा त्या विहिरीच्या मोटेचे दोर वळायचा. दोर खांद्यावर घेऊन काठापर्यंत जायचं, तिथे तो घेणाऱ्याच्या पायाशी टाकायचा आणि परत फिरायचं. दोर दिवसभर त्या पाण्यात. आम्ही मात्र ओढ्याच्या झिऱ्याचं पाणी पिणार.

तो विहिरीत वाकून बघत राहिला. "दोर को तुमने हाथ लगाया. दोर पानी में. फिर पानी...?"

"हाव."

"काऊन?"

देवराव तिथेच होता. त्याचं वागणं आमच्याशी वाईट नाही. तो म्हणाला, "साहेब, ते आमच्या आज्याच्या वक्ताचं. आता तसं काई नाई." खरंच नाही. आता त्या विहिरीवर कोणी पण पाणी पितं.

सुधाकरला ह्या सगळ्याचा राग यायचा. तो वर्ध्याला एका गोदामात कामाला होता, रेखाला घेऊन तिथे खोली करून राहत होता. रविवारी गावी यायचा. आमचं आडनाव असं आहे की जिल्ह्यात कोणी ऐकलं तर पुढचं विचारावं लागत नाही. म्हणून खोली घेताना त्याने दुसरं सांगितलं होतं. मी त्यात पडले नाही. राहणार तो होता.

एकदा झायलर बसस्टँडवर सगळ्यांना आपल्या नावाचा अर्थ सांगत बसला होता. घरी आल्यावर सुधाकर त्याला म्हणाला, "जर्मन भाऊ, तुम्ही मोठे शौकीन आहात. आमच्याकडं कोणी आपल्या नावाचा अर्थ स्टँडवर सांगत नाही."

"काऊन?"

"तुमचं नाव म्हणजे टोपी. घातली तर घातली, काढली तर काढली. आमचं म्हणजे पाठ आहे, भाऊ. आपल्यालेच दिसत नाही, बाकी साऱ्यांना दिसते."

झायलर विचार करून म्हणाला, "पर अच्छा काम है. दोर अच्छा काम है."

"मग करा ना. मी नाही म्हटलं काय?" सुधाकर हसला आणि त्याच्या ताटात दुसरी भाकर टाकली. भांडण असं त्यांचं नव्हतं.

करायचा मात्र तो मनापासून. बस चालवणाऱ्याचे तळवे मऊ. पहिल्याच आठवड्यात फोडांनी भरले, त्यावर तेल लावून परत बसला. त्याची एकच खोड, पीळ जास्त द्यायचा. दिसायला दोर देखणा, काठीसारखा ताठ, आणि सैल सोडला की सापासारखी वेटोळी. मी उकलून द्यायची. मी सांगितलं होतं, नव्या दोराला आधी दोन झाडांमध्ये ताणून मधे धोंडा लटकवायचा, रात्रभर. तोवर त्याच्यावर जिवंत वजन घालायचं नाही. पीळ बसलेला नसतो, वजन पडलं की दोर गरगर फिरतो. बादली फिरली तर फिरली. वासरू फिरलं तर कपारीवर आपटून मरतं.

त्या उन्हाळ्यात तो परत गेला नाही. ऊन बघायचं आहे म्हणाला. देवरावने विहिरीचा गाळ काढायला घेतला आणि दोराचा निरोप धाडला. दोर आम्ही दोघांनी आदल्या दिवशी वळला होता, एक पेड माझा, दोन त्याचे. ताणायला वेळच मिळाला नाही. देवरावचा माणूस सकाळीच आला. मी म्हटलं, बादलीपुरता वापरा, आणि दोर घेऊन स्वतःच गेले. झायलर बरोबर आला. रविवार होता, सुधाकर पण आला. माणूस कमी पडत होता, तर देवरावला म्हणाला, "काका, मी उतरतो."

पाणी उपसायचं होतं आणि विजेची लाईन नव्हती. म्हणून सकाळपासून डिझेलचं इंजिन विहिरीच्या आतल्या अरुंद ओट्यावर उतरवून, वरून दोराने धरून चालवलं होतं. पाणी गेलं, इंजिन बंद केलं. त्याला बराच वेळ झाला होता, धूर दिसत नव्हता.

मी म्हटलं, "आधी कंदील सोडा."

ही आमच्याकडची जुनी रीत. बंद विहिरीत उतरायच्या आधी पेटता कंदील दोराने तळापर्यंत सोडायचा. विझला तर उतरायचं नाही. माझ्या सासऱ्याने शिकवलेलं, त्याला त्याच्या बापाने. कंदील माझ्यासमोर खाली गेला. गाळाच्या वर हातभर लटकत राहिला आणि शांत जळत राहिला. काजळी पण धरली नाही. झायलरने विचारलं, हे काऊन, आणि मी त्याला समजावून सांगितलं. त्याला ते फार आवडलं.

सुधाकर कपारीच्या खोबणीत पाय ठेवत उतरला. पाच-सात बादल्या भरल्या. वर बघून ओरडला, "आई, डोकं धरून राह्यलं माहं." देवराव म्हणाला, वर ये. "हे एक बादली," म्हणाला, वाकला, आणि तसाच आडवा झाला.

नायलॉनचा दोर होता, पण तो इंजिनाला बांधलेला. सोडला असता तर इंजिन सुधाकरच्या अंगावर आलं असतं. मोकळा दोर एकच, आमचा. तो झायलरने कमरेला घेतला. पुढचं मी वर लिहिलंच आहे.

काठावरून त्याला सोडला तसा तो फिरायला लागला. एवढा उंच माणूस, हवेत गरगर. मी ओरडले, "पाय लाव गा! भिंतीले पाय लाव!" एकदा त्याचा खांदा दगडावर आपटलेला ऐकू आला. तळाला पोचल्यावर तो भोवळ आल्यासारखा भिंत धरून उभा राहिला, मग स्वतःच्या कमरेचा दोर सोडला आणि सुधाकरच्या काखेखालून घालून गाठ मारली. गाठ मी शिकवलेली, वासराची. बरोबर मारली होती.

आम्ही ओढला. मी पण ओढत होते, माझ्यामागे देवराव, त्यामागे सगळे. माझा मुलगा त्या दोरावर फिरत फिरत वर आला. मधे एका दगडाला हात अडकला, तेव्हा परत थोडा खाली सोडावा लागला. काठावर घेतला तेव्हा अंग गरम होतं. गाल लाल होते, झोपेतून उठवल्यासारखे. नाकापाशी माझा गाल नेला. श्वास होता.

गाठ सोडून दोर परत टाकला. झायलर भिंतीला टेकून बसला होता, डोकं गुडघ्यात. हाक मारली, ओ देईना. तेव्हा एक म्हातारा म्हणाला, डहाळा बांधा, हवा हलवा. दोराला कडुनिंबाचा मोठा डहाळा बांधून माणसं तो विहिरीत वरखाली आपटायला लागली. बायका हंड्यांनी पाणी ओतायला लागल्या. मी सुधाकरचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. पाणी झायलरच्या डोक्यावर पडलं असावं, त्याने मान वर केली. देवराव बेंबीच्या देठापासून ओरडत होता, "धरा साहेब, धरा!" झायलरने डहाळ्यात हात घातला, दोर मनगटाला गुंडाळला, आणि त्यांनी त्याला डहाळ्यासकट वर ओढला. मनगटाची कातडी पार निघाली होती.

देवरावच्या गाडीत मागे दोघांना बाजूबाजूला झोपवलं. मी मधे. सावंगीच्या दवाखान्याच्या वाटेवर सुधाकरचा श्वास थांबला. मी छाती दाबली, तोंडाने वारा घातला, जे येत होतं ते केलं. झायलर ओकत होता. दवाखान्यात त्यांनी सुधाकरला आत नेलं आणि लवकरच बाहेर येऊन सांगितलं.

डॉक्टरीणबाई चांगली होती, मला बसवून समजावलं. इंजिनाच्या धुरात एक विष असतं. त्याला वास नाही, रंग नाही, आणि त्याने दिवा विझत नाही. गाळाच्या वायूने विझतो. मी विचारलं, म्हणजे कंदील खोटा बोलला? ती म्हणाली, आजी, कंदिलाला ते कळतच नाही.

माझ्या सासऱ्याच्या वेळी विहिरीत इंजिन नव्हतं.

पेपरवाले आले ते झायलरकडे. नळी नाकात, पट्टी मनगटाला, फोटो काढला. गोरा माणूस मजुरासाठी विहिरीत उतरला, असं त्यांना लिहायचं होतं. त्याने विचारलं, मजुराचं नाव लिहिलं का? नाही, म्हणाले. तर तो उठून बसला. पूरा नाम लिखो म्हणाला, आणि त्याने स्वतः सांगितलं: सुधाकर, त्याच्या बापाचं नाव, आणि आमचं आडनाव. आडनावाचं तर अक्षर अक्षर सांगितलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी तसंच छापलं.

रेखा तेरवीनंतर वर्ध्याला गेली ती चार दिवसांत सामान घेऊन परत आली. घरमालकीण वाईट बोलली नव्हती. म्हणाली, मुलाचं लग्न आहे, खोली लागते. तिचा मुलगा तेव्हा नववीत होता.

झायलरने सामान उतरवायला हात लावला, दुखऱ्या हाताने. आणि रेखाला विचारलं, का आलीस म्हणून. ती दमली होती. ती म्हणाली, "भाऊ, ते नाव त्यायनं लपवून ठेवलं होतं. तुम्ही पेपरात देल्लं."

"इज्जत के लिए दिया," तो म्हणाला. "आदमी मर गया, उसका नाम—"

"मले माहीत आहे," रेखा म्हणाली. "तुम्ही चांगलंच केलं. पण मी आता कुठी राहू?"

तो गादीची वळकटी हातात धरून उभाच राहिला. कोणी त्याला खाली ठेव म्हटलं नाही, म्हणून उभाच. शेवटी मीच घेतली त्याच्या हातातून.

लोक मला विचारतात, तुझा त्याच्यावर राग आहे का. राग धरायला त्याने काय केलं? तो उतरला, बाकीचे उतरले नाहीत. गाठ नीट मारली. पेपरात जे छापलं त्यात खोटं एकही अक्षर नव्हतं. आणि तरीही त्याला अंगणात बसलेला पाहिला की मला आत जाऊन दार लावावंसं वाटायचं. दोन्ही खरं आहे. रेखा त्याला जेवायला वाढायची. मी वाढत नव्हते.

पाऊस लागायच्या आत तो गेला. जाताना पाया पडायला वाकला, ते त्याला नीट जमलं नाही. माझ्या पायापाशी हात टेकून तसाच बसून राहिला. मी म्हटलं, "ऊठ गा. गाडी जाईन." तो उठला.

त्यानंतर तो आला नाही. त्याच्या खोलीत आता शाळेचा शिपाई राहतो. रेखा देवळीला एका शिवणकामाच्या दुकानात जाते. तिथे तिने कोणतं आडनाव सांगितलं हे मी विचारलं नाही, आणि म्हणूनच इथे पण लिहिलं नाही. दिवाळीच्या सुमारास त्याचा फोन येतो. "मावशी," म्हणतो. तब्येत बरी आहे म्हणतो. मनगटाला थंडीत कळ येते म्हणतो.

विहिरीत त्या दिवशी दोघं उतरले होते. त्यातला तो वाचला.